कार्ब्युरेटर निर्दोष आहे!

"ढकला! आणखी जोरात! अरे, तुम्ही मुलं आहात की उशा?" मामा स्टिअरिंगमागून ओरडला.

"मामा, तू खाली उतरलास तर गाडी निम्म्यानं हलकी होईल!" गाडीच्या मागून त्याच्याहून मोठा आवाज आला.

हा आवाज बोंबल्याचा. त्याचं शाळेतलं नाव वेगळं आहे, पण ते शाळेतसुद्धा कुणी वापरत नाही. तो कानात कुजबुजला तरी शेजारच्या घरातलं बाळ जागं होतं. त्याच्या एका बाजूला गाडी ढकलत होती त्याची मोठी बहीण, वकीलीण. 'जेवायला चल' म्हटलं तरी ही 'का?' असं विचारणार, म्हणून हे नाव. आणि दुसऱ्या बाजूला, ढकलायचं सोडून गाडीच्या पत्र्यावर बोटानं टिचक्या मारत आवाज ऐकणारी त्यांची मावसबहीण म्हणजे टिचकी. तिघं सुट्टीत मामाकडे आली होती ती धमाल करायला, आणि आल्यापासून करत काय होती, तर गाडी ढकलत होती!

गाडी मूळची आजोबांची. गडद हिरवी, गोल दिव्यांची, पोट सुटलेल्या माणसासारखी पुढून फुगीर. आजोबा गुरांचे डॉक्टर होते. याच गाडीनं ते दूरदूरच्या वस्त्यांवर जायचे. मागच्या सीटवर औषधांची पेटी असायची आणि परत येताना कधीकधी पेटीशेजारी एखादं आजारी वासरूही असायचं. पुढे आजोबांचा गुडघा कुरकुरायला लागला आणि त्यांनी किल्ली मामाच्या हातात ठेवली. तेव्हापासून गाडी शेडमध्ये धूळ खात उभी होती. यंदा मामानं ती पुन्हा रस्त्यावर आणायचं मनावर घेतलं. गाडी सुरूही व्हायची, अगदी झकास! फक्त डेअरीजवळच्या वळणावर पोचली, की दोन आचके द्यायची, एक उचकी द्यायची आणि बंद!

"कार्ब्युरेटर!" बॉनेटमध्ये घातलेलं डोकं बाहेर काढत घड्याळवाले काका म्हणाले. ते मामाचे शेजारी आणि जिवलग मित्र. दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दिवशी मामाला मदत करायचे. "शंभर टक्के कार्ब्युरेटर!"

"काका, काल पण तुम्ही हेच म्हणालात," वकीलीण म्हणाली.

"काल एवढी खात्री नव्हती."

तेवढ्यात मागून एक चकचकीत जीप आली आणि त्यांच्याजवळ थांबली. आत होते हॉटेलवाले. मोठ्या रस्त्यावर त्यांचं नवीन हॉटेल उघडायचं होतं. "काय, पुन्हा झोपली का?" ते हसत म्हणाले. "रविवार लक्षात आहे ना?"

"आहे, आहे," मामा घाम पुसत म्हणाला.

लक्षात नसायला काय झालं! चार माणसांसमोर तावातावानं बोलून बसला होता तो. रविवारी ही गाडी स्वतःच्या चाकांवर धरणापर्यंत चढून दाखवील, आणि जर वाटेत दोरी लावून ओढावी लागली तर गाडी हॉटेलवाल्यांची! आणि हॉटेलवाले तिचं करणार काय होते? तर मधोमध कापणार, पुढचा अर्धा भाग हॉटेलच्या दारात भिंतीला ठोकणार आणि बॉनेटमध्ये फुलझाडं लावणार!

"गाडी कापायची?" हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टिचकीला रडूच फुटलं होतं. आजोबा मात्र काहीच बोलले नव्हते. तेव्हापासून त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. दिवसभर खिडकीशी पेपर धरून बसायचे, आणि त्या पेपरचं पान काही उलटत नसे.

* * *

त्या दिवशी कार्ब्युरेटर पुन्हा एकदा जेवणाच्या टेबलावर आला.

"माझ्या टेबलावर पेट्रोलचा वास आला ना, तर तुम्ही सगळे अंगणात जेवाल," मामीनं आधीच बजावलं होतं. त्यामुळे खाली जुन्या चादरीची चौघडी घातली होती. काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक स्क्रू सोडवून ताटलीत ठेवायला सुरुवात केली.

"पण हा कार्ब्युरेटर करतो तरी काय?" बोंबल्यानं विचारलं.

"इंजिनाला नुसतं पेट्रोल पचत नाही," काका म्हणाले. "हवेत त्याचा बारीक फवारा मारून द्यावा लागतो. ते काम याचं. ही बघ वाटी. टाकीतलं पेट्रोल पंपानं इथे येतं. हा पितळेचा पोकळ डबा त्याच्यावर तरंगतो. याला म्हणायचं फ्लोट. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि ही सुई पेट्रोलची वाट बंद करते. पेट्रोल कमी झालं की फ्लोट खाली, वाट मोकळी. आणि या बारीक भोकातून फवारा उडतो, ते जेट."

"म्हणजे संडासातल्या टाकीसारखं!" बोंबल्या ओरडला.

"जेवणाच्या टेबलावर काय बोलतोस!" स्वयंपाकघरातून मामी.

"जेवणाच्या टेबलावर ते ठेवलंय काय, ते बघ ना मामी!"

टिचकीनं फ्लोटला हळूच टिचकी मारली. टण्ण! "आत पेट्रोल शिरलेलं नाही," ती म्हणाली. "शिरलं असतं तर डब्ब वाजलं असतं." काकांनी फ्लोट कानाजवळ नेऊन हलवून पाहिला आणि मान डोलावली. फ्लोट धडधाकट होता. त्यांनी जेट फुंकून साफ केले, नवी सुई बसवली, झाकणाखाली गळती रोखणारं नवं गॅस्केट कापून घातलं. काम इतकं सुरेख झालं, की कार्ब्युरेटर चालवण्यापेक्षा कपाटात ठेवावासा वाटत होता.

"चला, आता बिस्किटं!" मामानं फर्मान सोडलं.

पण मामाच्या घरात बिस्किट खाणं म्हणजे कुस्तीच. मामा हवाबंद बरण्यांच्या कारखान्यात मॅनेजर. घरातल्या साखरेपासून शिवणाच्या सुयांपर्यंत सगळं रबरी रिंग लावलेल्या झाकणाखाली कोंडलेलं. आपल्या झाकणातून मुंगीचा श्वाससुद्धा आत जात नाही, असं तो छाती फुगवून सांगायचा. बोंबल्यानं बरणी पोटाशी धरली, वकीलिणीनं झाकण पिळलं, दोघांचे चेहरे टोमॅटोसारखे झाले आणि शेवटी फस्स करून बरणी उघडली.

संध्याकाळी गाडी निघाली. मुलं मागे बसून गात होती. डेअरीजवळचं वळण आलं. दोन आचके. एक उचकी. बंद!

मामानं कपाळाला हात लावला. तितक्यात त्याचा फोन वाजला आणि तो रस्त्याकडेला उभा राहून कारखान्यातल्या कुणाशी तरी बराच वेळ बोलत राहिला. काका रुसून बॉनेटकडे पाठ करून उभे होते. फोन संपल्यावर मामानं सहज म्हणून किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू झाली!

"बघितलंत? सुई जागेवर बसली!" काका खूष झाले.

वकीलीण मात्र खूष झाली नाही. घरी पोचल्यावर तिनं दोघांना जिन्याखाली ओढलं. "काकांनी या वेळी गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. मग ती बरी कशी झाली? आणि आधी दर वेळी कार्ब्युरेटर खोलला म्हणून बरी झाली, की तो खोलेपर्यंत वेळ गेला म्हणून?"

"मग बिघडवतंय कोण?" टिचकी म्हणाली.

"हॉटेलवाले!" बोंबल्या कुजबुजला. वर मामी दचकली आणि तिच्या हातातला चमचा खाली पडला.

* * *

शनिवारी दुपारी मामा कारखान्यात गेला, काका दुकानात. तिघंही शेडमध्ये शिरली आणि गाडीच्या मागे ताडपत्री अंगावर ओढून दबा धरून बसली. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. बोंबल्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च धरलं होतं, कारण आपल्या तोंडाचा त्याला स्वतःलाच भरवसा नव्हता.

दार करकरलं. पावलं जवळ आली. ताडपत्रीच्या फटीतून टिचकीला चकचकीत बूट दिसले. हॉटेलवाले! त्यांनी खिशातून काहीतरी काढलं. वकीलिणीनं कान टवकारले. सर्रर्र, खट! मग पत्र्यावर काहीतरी घासल्याचा आवाज.

"इथून कापायची," हॉटेलवाले स्वतःशीच पुटपुटले.

"चोर!" बोंबल्याचे हात तोंडावरून सुटले. "पकडा! चोर!"

ताडपत्रीसकट तिघं एकदम उभी राहिली. हॉटेलवाले असे उडाले, की त्यांच्या हातातली मोजपट्टी सर्रकन गुंडाळली जाऊन त्यांच्याच नाकावर आपटली. दुसऱ्या हातात खडू होता, आणि गाडीच्या दारावर वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ!

"काय बिघाड केलात गाडीत?" वकीलिणीनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"बिघाड?" हॉटेलवाले नाक चोळत म्हणाले. "अगं बाई, मी कशाला बिघाड करू? तुमचे मामा आणि ते काका एवढी मेहनत घेतायत, त्यात मी आणखी काय भर घालणार! मी फक्त माप घ्यायला आलो होतो. मामींना विचारून आलोय. विचार हवं तर!"

मामीनं खिडकीतून मान हलवली. खरंच विचारलं होतं! टिचकीनं फ्रॉकच्या टोकानं ती पांढरी रेघ रागारागानं पुसून टाकली. हॉटेलवाले जरा ओशाळले आणि निघून गेले.

"म्हणजे चोर नाहीच," बोंबल्या हिरमुसला.

"आरोपी एकच उरला," वकीलीण म्हणाली. "कार्ब्युरेटर. आणि मला वाटतं तो निर्दोष आहे. आजोबांना विचारू या."

आजोबा खिडकीशीच होते. त्यांनी शेडमधला सगळा गोंधळ ऐकला होता.

"आजोबा, गाडी गेली तर तुम्हाला वाईट वाटेल?" टिचकीनं सरळच विचारलं.

आजोबांनी पेपर बाजूला ठेवला. "वाटेल," ते म्हणाले. "फार वाईट वाटेल. पण गाडी मी त्याला दिलीय ना? दिलेल्या गोष्टीत नाक खुपसू नये, म्हणून गप्प बसलोय."

"नाक तुम्ही नका खुपसू, आम्ही खुपसतो," वकीलीण म्हणाली. "तुम्ही फक्त सांगा. तुमच्याकडे एखादी गाय आली आणि तिला काय झालंय तेच कळत नसलं, तर तुम्ही आधी काय बघायचात?"

आजोबा पहिल्यांदाच हसले. "आधी बघायचो, तिच्या पोटात काय गेलंय. आणि काय गेलेलं नाही."

ते उठले. गुडघ्याला हात लावत शेडपर्यंत आले, गाडीत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. हिरवी गाडी अंगणात फुरफुरत उभी राहिली. आजोबा मधूनमधून अॅक्सिलरेटर दाबत होते. बराच वेळ गेला. बोंबल्याला तर वाटायला लागलं, की आज ती बंदच पडणार नाही. आणि मग आचका, आचका, उचकी!

"आता कुणी घाई करू नका. इंजिन गरम आहे, मीच खोलतो," आजोबा म्हणाले. त्यांनी कार्ब्युरेटरचं झाकण काढलं. तिघांनी डोकी पुढे घातली.

वाटी रिकामी होती! तळाला जेमतेम ओल.

"बघा!" वकीलीण उसळून म्हणाली. "याच्या ताटात काही वाढलंच नाही, आणि सगळे यालाच मारतायत, 'तू जेवत का नाहीस' म्हणून! कार्ब्युरेटर उपाशी आहे. त्याचा गुन्हा नाही!"

"शाबास," आजोबा म्हणाले. "मग वाढणारा कुठे अडला ते बघायचं. मागे मागे जायचं. टाकीत पेट्रोल आहे का बघ बरं, टिचके."

टिचकी गाडीच्या मागे धावली. टाकीवर टिचकी मारली. डब्ब! "भरपूर आहे!" मग तिनं झाकण फिरवलं. ते फिरता फिरेना. दोन्ही हात लावून, दातओठ खाऊन तिनं जोर केला.

फस्स्स!

तिघंही जागच्या जागी थिजली. हा आवाज त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता.

"बिस्किटांची बरणी!" बोंबल्या किंचाळला.

"हवा बाहेर नाही आली," टिचकी डोळे मोठे करून म्हणाली. "माझा तळहात टाकीच्या तोंडाशी होता. हवा आत ओढली गेली!"

वकीलिणीनं झाकण उलटं केलं. आत एक जाड, नवीकोरी रबरी रिंग बसवलेली होती. आणि झाकणाच्या मधोमध जे इवलंसं भोक असायला हवं, ते लाल मसाल्यानं लिंपून टाकलेलं होतं. मामाच्या कारखान्यात बरण्या सील करायला वापरतात, तोच मसाला!

आजोबांनी डोळे मिटले आणि मोठ्यानं हसायला लागले. "अरे, ते भोक हवा आत यायला ठेवलेलं असतं! पेट्रोल खर्च होईल तेवढी हवा आत यायलाच हवी. नाहीतर पंपानं ओढायचं, टाकीनं धरून ठेवायचं! थोड्या वेळानं कुठून तरी चोरटी हवा आत शिरते, की पुन्हा गाडी चालू."

त्यांनी कार्ब्युरेटर बंद केला. या वेळी टाकीचं झाकण नुसतं वर ठेवून गाडी सुरू केली. ती फुरफुरत राहिली. आजोबांच्या घामानं ओल्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की टिचकीनं त्यांना खिडकीतूनच मिठी मारली.

* * *

तुम्हाला वाटेल, झालं! संपली गोष्ट! पण मोठ्या माणसांना तुम्ही ओळखत नाही, किंवा फार चांगलं ओळखता.

संध्याकाळी मामा आला आणि तिघांनी त्याला एकदम सगळं सांगितलं. तो हसत सुटला. "माझं झाकण? अरे, पेट्रोलच्या वासानं मामी वैतागली होती, म्हणून मी स्वतः सील केलंय ते! थेंबभर वास येत नाही आता. माझ्या झाकणानं आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही."

"अरे, ऐकून तरी घे," आजोबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही गुरांचे डॉक्टर. हे यंत्र आहे," मामा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. पण समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार असायचं. त्यानं टाकी गळ्यापर्यंत भरली, झाकण पिळून पिळून घट्ट बसवलं आणि शेडला कुलूप लावलं. आजोबा गुडघ्याला हात लावत खोलीत गेले. ते पाठमोरे जाताना बघून वकीलिणीला मामाचा भयंकर राग आला.

"उद्या निघताना गुपचूप झाकण सैल करू या," बोंबल्या जिन्याखाली म्हणाला.

"नाही," वकीलीण म्हणाली. "मग गाडी धरणावर पोचेल, काका म्हणतील सुई जागेवर बसली, आणि परवा मामा झाकण पुन्हा घट्ट करील. मामाला सांगून पटत नाही. त्याला स्वतःलाच कळलं पाहिजे."

"कसं?"

वकीलीण फडताळातल्या काचेच्या बरण्यांकडे बघत होती. "त्याच्याच झाकणानं," ती म्हणाली.

* * *

रविवारी सकाळी हिरवी गाडी निघाली. पुढे मामा आणि काका, मागे आजोबा आणि तीन मुलं. टिचकीच्या मांडीवर कापडात गुंडाळलेली एक बरणी होती. मागून हॉटेलवाल्यांची जीप, आणि जीपमध्ये दोरी.

डेअरीजवळचं वळण येण्याआधीच आचका बसला! टाकी गळ्यापर्यंत भरल्यामुळे आत हवेला जागाच उरली नव्हती. दुसरा आचका. उचकी. गाडी चढावर थांबली. मामानं हँडब्रेक ओढला आणि बोंबल्यानं टुणकन उडी मारून चाकाखाली दगड लावला.

काकांनी बॉनेट उघडलं आणि पान्ह्याला हात घातला. "कार्ब्युरेटर," ते म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा दम नव्हता. जीप थांबली. हॉटेलवाले उतरले आणि दोरी सोडवायला लागले. आजोबा गाडीतून उतरलेच नाहीत. समोरच्या सीटच्या पाठीवर हात ठेवून ते नुसते बसून राहिले. टिचकीनं बरणी घट्ट धरली. आता जमलं नाही तर?

मामाचा चेहरा पडला होता. उन्हात तो घामानं निथळत होता.

"मामा, सरबत घे ना, थंडगार आहे," वकीलीण गोड आवाजात म्हणाली. तिनं कापड सोडलं. कारखान्यातली काचेची बरणी, काठोकाठ लिंबाचं सरबत, वर रबरी रिंगचं झाकण, झाकणातून आत गेलेली एक जाड नळी आणि नळीभोवती लाल मसाला नीट लिंपलेला.

"वा! सील मस्त केलंय!" अशा अवस्थेतही मामाच्या तोंडून कौतुक निघालंच. त्यानं नळी तोंडात धरली आणि ओढलं. घोटभर आलं. पुन्हा ओढलं. आलं नाही. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, कान लाल झाले. सरबत नळीत अर्ध्यापर्यंत चढायचं आणि परत खाली!

"काय झालं, मामा?" बोंबल्यानं सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. "तुझ्या तोंडातला कार्ब्युरेटर बिघडला वाटतं!"

हॉटेलवाले दोरी हातात घेऊन हे बघतच राहिले.

"काका, मामाचं तोंड खोलून साफ करता का जरा?" टिचकी म्हणाली.

काका हसू दाबत होते. मामा चिडून म्हणाला, "अरे, हे येणार कसं? बरणी हवाबंद आहे! हवा आत गेल्याशिवाय सरबत बाहेर कसं..."

आणि तो थांबला.

मामानं हातातल्या बरणीकडे पाहिलं. मग गाडीच्या मागच्या बाजूला पाहिलं. मग पुन्हा बरणीकडे. वकीलिणीनं बरणीचं झाकण थोडंसं फिरवलं. फस्स! मामानं ओढलं आणि सरबत इतकं भसकन आलं, की त्याला ठसका लागला.

खोकत खोकतच तो टाकीकडे धावला. दोन्ही हातांनी झाकण पिळलं.

फस्स्स्स्!

"शाबास!" घड्याळवाले काका कुणाला म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही. पण त्यांनी लगेच खिशातून आपली बारीक सुई काढली, झाकणातली रबरी रिंग उपटून टाकली आणि मधल्या भोकातला लाल मसाला हलक्या हातानं कोरून काढला. झाकण उन्हाकडे धरलं तेव्हा भोकातून उजेडाचा एक ठिपका दिसला. काकांनी ते पुन्हा टाकीवर बसवलं. "एवढंसं भोक," ते म्हणाले, "आणि मी त्या बिचाऱ्या कार्ब्युरेटरचे स्क्रू झिजवले!"

मामानं किल्ली फिरवली. इंजिन जरा वेळ नुसतंच घरघरलं. टिचकीनं डोळे गच्च मिटून घेतले. मग एक खोकला, दुसरा खोकला आणि... गाडी सुरू झाली!

दगड काढला, गाडी निघाली. डेअरीचं वळण मागे पडलं. प्रत्येक जण आचक्याची वाट बघत होता. खडी चढण आली, गाडी गुरगुरत चढली. आणखी एक वळण. आणखी एक. झाडी संपली, वारा आला आणि समोर एकदम धरणाचं निळंशार पाणी पसरलेलं दिसलं!

"पोचलो!" बोंबल्या असा ओरडला, की काठावरचे बगळे उडाले. तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मामानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हुश्श केलं. वकीलीण आणि टिचकी गळ्यात गळे घालून नाचायला लागल्या. काकांनी चष्मा काढून पुसला आणि घालायचा विसरले.

हॉटेलवाले जीपमधून उतरले. त्यांनी दोरीची नीट गुंडाळी केली. "हरलो बुवा," ते म्हणाले. "आणि खरं सांगू? काल या छोटीनं ती रेघ पुसली ना, तेव्हापासून मला कापवत नव्हतीच. पोरांनो, हॉटेल उघडलं की पहिलं आईस्क्रीम तुमचं!"

"पहिली किती आईस्क्रीमं?" वकीलिणीनं विचारलं. त्यांनी हात जोडले.

मामा आजोबांच्या दाराशी आला. नेहमी भराभरा बोलणारा मामा शब्द शोधत होता. "बाबा, चुकलो. काल तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही. आणि पोरांनो, तुमचंही ऐकलं नाही. एवढं डोकं लावून तुम्ही शोधून काढलंत आणि मी हसलो. गाडी गेली असती तर माझ्या हट्टापायी गेली असती."

"मी शोधलं नाही काही," आजोबा म्हणाले. त्यांनी तिघांना जवळ घेतलं. "सगळे जण जिथे बोट दाखवत होते तिथेच ही बघत बसली नाहीत. आयुष्यभर डॉक्टरकी करून मला जे जमायला वेळ लागला, ते यांनी सुट्टीत केलं. मला फार फार बरं वाटलं, बाळांनो." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

परत निघायची वेळ झाली. मामा ड्रायव्हरच्या सीटवर बसता बसता थांबला. त्यानं किल्ली आजोबांपुढे धरली. "गुडघा काय म्हणतोय?"

"आज काही म्हणत नाही," आजोबा म्हणाले.

काका हॉटेलवाल्यांच्या जीपमधून गेले. आजोबा पुढे, वकीलीण त्यांच्या शेजारी, आणि मागे मामा, बोंबल्या नि टिचकी दाटीवाटीनं. हिरवी गाडी सावकाश उतार उतरायला लागली आणि आजोबा बोलायला लागले. इतके दिवस गप्प असलेले आजोबा! या वळणावर कुठली म्हैस अडली होती, त्या घरातली आंधळी घोडी त्यांच्या पावलांचा आवाज कशी ओळखायची, पुराच्या वर्षी वासरू मांडीवर घेऊन त्यांनी याच रस्त्यानं गाडी कशी आणली होती! एक गोष्ट संपायच्या आत दुसरी. वकीलीण तर 'का?' विचारायलाही विसरली होती.

मामा दोन पोरांच्या मध्ये अंग चोरून बसला होता. घर येईपर्यंत तो ऐकत राहिला, आणि एकदाही मध्ये बोलला नाही.